पिवळ्या पट्ट्या अन् मिलिटरीचे डॉक्टरसाहेब

माझ्या थोरल्या भावाचा पाय या फोटोतल्या माणसाच्या नाकानं वाचवला.

व्हय, नाकानं.

नात टाइप करून राहिली, ती बी हसून राहिली. तिला म्हणलं, आधी लिही, मग हस.

डॉक्टरसाहेब आमच्या वसमतकडचेच. ब्रह्मदेशाच्या लढाईत मिलिटरीचे सर्जन होते. घरी आले, तर इथं रझाकारांशी लढाई पेटलेली. गोळी लागलेली माणसं आमच्या शेतातल्या छपरात आणायचे.

दादा त्यातलाच एक. गोळी मांडीत. साहेबांनी काढली, पण म्हणले, "तीन दिवस बघतो. पू झाला तर पाय ठेवता येणार न्हाई."

अन् दुसऱ्या गावच्या पेशंटकडं गेले.

पट्ट्या उकळायचं काम माझं. वय बारा, शाळा दुसरीपर्यंत, पण हुशारी लई!

घरात सगळ्यात मोठं भांडं कोणतं? हळद शिजवायची कढई. घातल्या सगळ्या पट्ट्या तिच्यात.

निघाल्या पिवळ्याधम्मक.

मला वाटलं, झकास! हळद तर जखमेला चांगलीच. आईनं अन् मी त्याच बांधल्या.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी पट्टी सोडली.

"पोरी, हे काय केलंस? पू पिवळा, पट्टी बी पिवळी. आता मी बघू काय?"

आई मधी पडली, "हळद चांगली असती की, साहेब."

"असती ना बाई. पण मला दिसू तर द्या!"

दादा ओरडला, "घालवला माझा पाय या पोरीनं!"

मला रडू फुटलं.

साहेबांनी जखम धुतली, तरी हळदीनं पिवळीच. खाली वाकले अन् थेट जखमेपाशी नाक नेलं.

एकदा हुंगलं. पुन्हा एकदा.

"ब्रह्मदेशात चिखलात पट्ट्याच संपायच्या. पू बघायला पट्टीच नसायची, तवा वासावरनं ओळखायला शिकलो. सडका वास न्हाई. पाय राहतो."

मग माझ्याकडं वळले, "आता दुधाच्या पातेल्यात उकळ. अन् तूच उकळ."

तूच! त्या एका शब्दावर महिनाभर चुलीपुढून हलले न्हाई मी.

पुढं माझ्या लग्नाला साहेब आले. दादा त्याच पायावर वाजंत्र्यांपुढं नाचून राहिला होता. मी हळद लावून बसलेली.

साहेब हसले, "आज खुशाल पिवळी हो, पोरी. आज मला काही तपासायचं न्हाई."

आज साहेबांची पुण्यतिथी. फोटोला हार पांढराच घातलाय. मुद्दाम.

साहेब, तुमच्या कढईवाल्या पोरीचा वाकून नमस्कार.