भरलेला ट्रेलर आणि उतारावरचे ब्रेक

तुमच्या आजोबांचा ट्रेलर विकायचं जवळजवळ ठरलं होतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. तुमच्या बाबांनी फोनवर ते ठरवलं आणि आजोबांनी मान डोलावली. ते मान डोलावणं मला मुळीच आवडलं नव्हतं. आता सगळं निवळलं आहे, म्हणून पहिल्यापासून नीट लिहून काढते. फोनवर तुमच्यापर्यंत पोचेतो गोष्टीचे तुकडेच उरतात.

इथे वाळवंटातल्या चँडलरला उन्हाळ्यात अंगणातल्या थंड नळालाही गरम पाणी येतं. तसं झालं की आम्ही पिकअपला ट्रेलर, म्हणजे आमचं चाकांवरचं घर, जोडतो आणि पेसनजवळच्या पाइनच्या जंगलात चार दिवस राहून येतो. जाताना सगळा चढ, येताना सगळा उतार. उतार चांगलाच लांब आहे. एका ठिकाणी तर ब्रेक गेलेल्या ट्रकांना शिरता यावं म्हणून रस्त्याच्या कडेला खडीची वाट करून ठेवली आहे. त्या वाटेची पाटी इतकी वर्षं मी नुसती वाचत होते.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात. त्याच्या चाकांत विजेवर चालणारी चुंबकं असतात. आजोबांनी पिकअपचा ब्रेक दाबला की तारेतून वीज मागे जाते, चुंबकं ब्रेक आवळतात आणि ट्रेलर आपलं वजन आपण सावरतो. वीज गेली नाही, तर ते सगळं घर मागून पिकअपला ढकलत राहतं.

मे महिन्यात आम्ही उतरत असताना नेमकं तेच झालं. पिकअपच्या समोरच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली, ट्रेलरच्या वायरिंगमध्ये बिघाड. त्याच क्षणी कुणीतरी मागून खांद्याने रेटावं तसा धक्का बसला.

"अहो, हे काय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे आत्ता बोलू नकोस."

आजोबांनी खालचा गिअर टाकला आणि आम्ही बैलगाडीच्या चालीने उतरू लागलो. अक्षरं आपोआप गेली. पुढच्या खड्ड्यावर पुन्हा आली, पुन्हा गेली. सपाटीवर पोचल्यावर आजोबांनी पेट्रोल पंपावर गाडी थांबवली आणि मला म्हणाले, "बघ, आता सगळं ठीक दाखवतंय."

"तेच तर वाईट आहे," मी म्हटलं.

सतत असलेला बिघाड सापडतो. येणारा-जाणारा बिघाड लपंडाव खेळतो. आजोबांनी आयुष्यभर कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात असलेच बिघाड शोधले आहेत, त्यामुळे घरी आल्यावर त्यांनी पद्धतशीर सुरुवात केली. पिकअप आणि ट्रेलर जोडणारा प्लग उघडून आतली एकेक पिन घासली. ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेली तार सोडवून, गंज काढून पुन्हा आवळली. मग मला चाकाशी होकायंत्र धरून बसवलं आणि स्वतः पिकअपमध्ये जाऊन फक्त ट्रेलरचे ब्रेक लावणारी दांडी दाबली. चुंबकात वीज आली की होकायंत्राची सुई वळते. प्रत्येक चाकाशी सुई शहाण्या मुलीसारखी वळली.

मग आम्ही ट्रेलर मेकॅनिककडे नेला. त्याने दिवसभर ठेवून घेतला, गावातून ओढून पाहिला आणि सगळं उत्तम असल्याचं सांगितलं. पुढच्याच फेरीत उतारावर लाल अक्षरं परत हजर. पुन्हा मेकॅनिक, पुन्हा उत्तम. "मला जे दिसत नाही ते मी दुरुस्त कसं करू?" तो बिचारा म्हणाला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

दुसऱ्या खेपेनंतर मी तुमच्या बाबांना सांगून टाकलं. आजोबा माझ्यावर रागावले, पण ते लपवण्यासारखं नव्हतं.

"बाबा, विकून टाका," तुमचे बाबा म्हणाले. "आता या वयात कशाला ही यातायात? इकडे विमानाने या."

"मला विमान बंद आहे. कानाचं ऑपरेशन विसरलास का?"

"मग मोटेलमध्ये राहत राहत या."

"त्या मऊ गाद्यांवर झोपून मी तुझ्या हर्नडनला पोचेन, माझी पाठ नाही."

तुमचे बाबा हसले नाहीत. त्यांनाही भीती वाटत होती, म्हणून आवाज चढला होता. शेवटी आजोबा मान डोलावत "बरं" म्हणाले. त्या 'बरं'मध्ये जूनमधली तुमच्याकडची फेरीसुद्धा गेली, हे त्यांना कळत होतं. त्यानंतर दोन दिवस त्यांनी वर्तमानपत्र नुसतं हातात धरलं.

जवळच्या मेसा गावातले एक गृहस्थ रविवारी ट्रेलर बघायला येणार होते. शनिवारी सकाळी आजोबा चहा घेता घेता म्हणाले, "त्यांना सांगणार काय? ब्रेक कधी लागतात, कधी लागत नाहीत? आणि नाही सांगितलं, तर उतारावर त्यांची बायको शेजारी असणारच ना."

"सांगायचं आणि कमी पैशात द्यायचा."

"कमी पैशात दिला म्हणून ब्रेक लागतात का?"

मी उठले आणि ट्रेलर आवरायला गेले. बघायला माणसं येणार म्हटल्यावर आतलं सामान बाहेर काढायला हवं होतं. तांदळाचे, डाळींचे, कणकेचे मोठे स्टीलचे डबे, तेलाचे कॅन, लोणच्याच्या बरण्या, दोन्ही कुकर, लोखंडी तवा, आणि आजोबांचा पाटा-वरवंटा, जो त्यांना चटणीसाठी जंगलातही लागतो. मी एकेक उचलून गॅरेजमध्ये ठेवत होते. आजोबा मदतीला आले, कणकेचा डबा हातात घेतला आणि तसेच उभे राहिले.

"हे सगळं तू मेकॅनिककडे नेण्याआधीही काढलं होतंस?"

"मग काय! परक्या माणसापुढे तेला-तुपाचा पसारा मांडायचा?"

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा. झाडून-पुसून दिला होता."

"आणि मी टाकीतलं पाणी सोडून दिलं होतं," ते सावकाश म्हणाले. "ओढायला हलका पडावा म्हणून."

मेकॅनिकने तपासला तो रिकामा, पुसलेला, हलका ट्रेलर. पेसनच्या उतारावर होता तो आमच्या सगळ्या स्वयंपाकघरासकट, पाण्याच्या भरल्या टाकीसकट खाली दबलेला ट्रेलर. आणि घरी होकायंत्र धरून बसले, तेव्हाही मी सामान उतरवूनच बसले होते. बिघाड वजनात असला, तर तो आम्ही दर वेळी स्वतःच्या हातांनी उतरवून ठेवत होतो.

"आत ठेव," आजोबा म्हणाले. "सगळं होतं तसं."

सगळं परत आत गेलं. टाकी भरली. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले. आजोबा पिकअपमध्ये बसून ब्रेकची दांडी दाबून राहिले. काहीच झालं नाही. मग त्यांनी खिडकीतून डोकं काढलं.

"आत जा, मधोमध उभी राहा आणि उड्या मार."

"काय?"

"खड्डा हवा. खड्डा तू. लाल अक्षरं आली की मी हॉर्न वाजवतो."

"अहो, माझे गुडघे!"

"मंगळागौरीला थकत नव्हतीस ती."

"तेव्हा मी नवी नवरी होते!"

पण गेले. ओट्याला एका हाताने धरलं आणि जमेल तसा झिम्मा सुरू केला. डबे खणखणले, कपाटाची दारं हलली, बरण्या एकमेकींना टेकल्या. अमेरिकेत आल्यापासून मी इतकी नाचले नव्हते. आणि हॉर्न वाजला. मी थांबले, हॉर्न थांबला. पुन्हा उडी, पुन्हा हॉर्न. मला इतका आनंद झाला की गरज नसताना आणखी दोन उड्या मारल्या.

बाहेर आमची शेजारीण कुत्र्याला घेऊन उभी राहिली होती. "आर यू ओके इन देअर?"

"वी आर लुकिंग फॉर अ फॉल्ट!" मी खिडकीतून ओरडले.

"इन हिम?" तिने विचारलं. आजोबांनी पुन्हा हॉर्न वाजवला.

मग प्लग काढून, चटई टाकून आजोबा ट्रेलरखाली शिरले. मी टॉर्च धरला. चाकांच्या आसाच्या वरून, सांगाड्याला लागून ब्रेकची तार गेली होती. वजन आलं की सांगाडा खाली बसायचा आणि खड्डा आला की तार आस आणि सांगाडा यांच्यामध्ये चिमटली जायची. तिथलं प्लास्टिक झिजून आतलं तांबं उघडं पडलं होतं. ते लोखंडाला टेकलं की वीज तिथेच जायची आणि पिकअप लाल अक्षरं दाखवून वीज बंद करायचा. ट्रेलर रिकामा असला की मध्ये चांगली बोटभर फट राहायची.

"दिसली," आजोबा खालून म्हणाले. एवढंच. आवाजावरून मला कळलं की ते हसत आहेत.

त्यांनी तो तुकडा कापून नवी तार घातली, तिच्यावर जाड नळी चढवली आणि ती आसापासून दूर, वरच्या बाजूने नेऊन बांधली. मी पुन्हा नाचले. हॉर्न वाजला नाही. मेसाच्या गृहस्थांना फोन करून आम्ही रविवारी येऊ नका म्हणून सांगितलं. सोमवारी ट्रेलर मेकॅनिककडे पुन्हा तपासायला नेला, या वेळी सगळ्या सामानासकट. त्याने दार उघडलं, डब्यांची रांग पाहिली, वरवंटा उचलून पाहिला आणि म्हणाला, "तुम्ही कॅम्पिंगला जाता की हॉटेल काढायला?" पण खाली शिरून सगळी तार तपासली आणि काम चांगलं झाल्याचं सांगितलं.

तरी उतार बाकी होता. पुढच्या शनिवारी आम्ही पेसनला गेलो आणि परत निघालो. पहिल्या मोठ्या वळणाआधी त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला. मागून रेटा आला नाही. उलट कुणीतरी पदर धरून हळूच मागे ओढावं, तसा ट्रेलर पिकअपला धरून राहिला. खड्डे आले, गेले. अक्षरं आली नाहीत. खडीच्या वाटेची पाटी मागे पडली. सपाटी आल्यावर लक्षात आलं की पर्सचा पट्टा मी वरपासून घट्ट पिळून धरला होता.

त्याच पेट्रोल पंपावरून आजोबांनी तुमच्या बाबांना फोन लावला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग दोन प्रश्न विचारले, मेकॅनिकने पाहिलं का आणि सामान भरलेलं होतं का. दोन्हींना 'हो' मिळाल्यावर त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की मला शेजारी बसून ऐकू आला.

"बरं," ते म्हणाले. "मग जूनमध्ये कधी निघताय?"

मागून तुमच्यातल्या धाकटीचा आवाज आला, "कॅन आय स्लीप इन द ट्रेलर?" आणि थोरला लगेच म्हणाला, "आय कॉल्ड टॉप बंक!"

वरचा बंक, म्हणजे ती झोपायची वरची फळी, आलटून-पालटून मिळेल. पहिली रात्र धाकटीची.