बाई उजवीकडे म्हणतात तेव्हा

आमच्या शेजारच्या बाई दुसरीच्या पोरांना दिशा आणि नकाशे शिकवतात. पोरांकडे तोंड करून "उजवा हात वर!" म्हणताना स्वतःचा डावा वर करतात, म्हणजे समोरची चिल्लीपिल्ली बघूनबघून बरोब्बर हात उचलतात. युक्ती झकास. पण वर्षानुवर्षं केल्यावर ती बाईंच्या हाडीमाशी मुरली. टॅक्सीत बसल्या की तोंड म्हणतं उजवीकडे, हात जातो डावीकडे. ड्रायव्हर बिचारा मधल्यामध्ये!

मध्यंतरी बाईंचे वडील त्यांच्याकडे राहायला आले. बाईंच्या दादाने तेव्हाच बजावलं होतं, "बाबा एकदा जरी हरवले ना, तर मी घेऊन जाईन. माझ्याकडे दाराला बाहेरून कुलूप असतं." कुलूप म्हटलं की बाबांचा घास तोंडातच फिरायचा.

रविवारी सकाळी बाप-लेक फाटकात शेजारी शेजारी उभे होते, तोंडं रस्त्याकडे. बाई ओरडून सांगत होत्या, "उजवीकडे जा बाबा, मग पहिल्या वळणाला डावीकडे, की आलीच बाग!" बाबांना ऐकू येतं बेताचंच. मान डोलावून निघाले.

जेवणं थंड झाली, बाबांचा पत्ता नाही. बाई बागेत दोनदा जाऊन आल्या. घरात येरझारा चालू. खिडकी उघडायची, लावायची. चप्पल घालायची, काढायची. दादाचा फोन यायची वेळ झालेली. शेवटी धावत माझ्या दारात आल्या.

"भाऊजी, काहीतरी करा हो! दादा आत्ता विचारेल."

"बाई, सकाळी हात कुठला केला होतात?" मी विचारलं.

"कुठला म्हणजे? उजवा."

"तोंडाने उजवा. हाताने?"

बाईंनी हात पुढे केला. डावा. त्याच्याकडे अशा बघत राहिल्या, जणू तो शेजारणीचा आहे.

"अगं बाई! आणि बाबांना तर नुसतं दिसतं, ऐकू कुठे येतं!"

मग काय, फाटकातून डावीकडे, पहिल्या वळणाला उजवीकडे. बाई पुढे पळतायत, मी मागे धापा टाकतोय, आणि तेवढ्यात पर्समधला फोन कोकलायला लागला. दादाच. बाई तो न उचलता हातात धरूनच पळत सुटल्या.

वळणावर पंक्चरवाल्याचं दुकान. बाहेर ट्रकच्या टायरवर बाबा ऐसपैस बसलेले, शेजारी पंक्चरवाला हवा भरतोय.

"आलीस? मला वाटलं विसरलीस. बागेत झाडं फारशी ठेवली नाहीत गं यांनी."

बाईंना रडू की हसू कळेना. फोन पुन्हा वाजला. बाबांनी तो हिसकावून घेतला आणि रस्ता दणाणेल अशा आवाजात ठणकावलं,

"हरवतोय कशाला? हिने हात केला तिथेच बसलोय! आणि उद्याही येणार आहे. इथली माणसं बोलकी आहेत."