दाव्यासकट विकलेली शेळी

बाजार आधी डोळ्यांनी करायचा, मग पायांनी, आणि अगदीच इलाज नसला तर हातानं, असं माझी माय म्हणायची. ताडकळसच्या आठवडी बाजारात शिरली की ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसती बघत जाई. मिरची हुंगायची, गुळाचा खडा जिभेवर ठेवायचा, मडकं वाजवून बघायचं, 'बरं हाय' म्हणायचं आणि पुढं सरकायचं. "अगं माय, घे तरी काही!" व्यापारी मागून ओरडत. माय ढिम्म. खरेदी परतीच्या वाटेवर. तोवर माझे पाय तुटायची वेळ येई, पण कुरकुर केली की 'मग घरी ऱ्हायाचं व्हतं' एवढंच उत्तर मिळे.

ही गोष्ट निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली तेव्हाची. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं होतं आणि तिच्या लुगड्यासाठी घरातली शेळी विकायची होती. आमच्याकडं मेंढरं होती, पण त्या साली ती चाऱ्यावाचून खंगलेली. त्यांना कोण विचारतो? दुभत्या शेळीला मात्र गिऱ्हाईक होतं.

मेंढरं बाची, शेळी मायची, अशी आमच्या घरात वाटणी होती. बा मेंढरांमागं रानोमाळ फिरायचा, त्याला घरच्या खुंट्याशी देणंघेणं नव्हतं. खुंट्याचं राज्य मायचं. रझाकारांच्या धामधुमीत आम्ही गाव सोडून रानात लपलो, तेव्हा माय भाकरीचं गाठोडं विसरली, पण चार दिवसांचं एक पिल्लू तिनं पदरात गुंडाळून आणलं. परत आलो तर अंगणात नुसते खुंटे उभे. शेळ्याही नाहीत आणि त्यांची दावीही नाहीत. कोणी नेलं ते कधी कळलं नाही. शेळ्यांपेक्षा मायनं त्या दाव्यांचाच धसका घेतला. दावी गेली म्हणून गोठ्याची बरकत गेली, असं तिच्या मनानं घेतलं. त्या पिल्लाला तिनं दुधात बुडवलेली चिंधी चोखवून वाढवलं, त्याच्यासाठी शेळीच्या केसांचं नवं दावं स्वतः वळलं. पिल्लाची शेळी झाली. पांढरीशुभ्र, फक्त कान तांबडे. आता तीच विकायची होती.

बाजाराच्या तोंडाशीच जनावरं उभी असत. तिथं मायनं दावं बाच्या हातात दिलं.

"तुमी इका," ती म्हणाली. "मला बघवत न्हाई."

आणि माझा दंड धरून चालायला लागली. शेळी मागून ओरडत होती. आम्ही बांगड्यांच्या गल्लीपर्यंत पोचलो तरी ऐकू येत होती. माय एका कोथिंबीरवालीपाशी थांबली आणि नको इतक्या मोठ्या आवाजात भाव विचारायला लागली. कोथिंबीर तर आमच्याच परसात होती.

त्या दिवशी तिचं बाजारात लक्ष नव्हतं. मिरचीच्या ढिगापाशी वाकली, हुंगली, आणि आपण काय हुंगलं हेच विसरल्यासारखी उभी राहिली. एरवी एका नजरेत कुजकी लसूण हुडकणारी बाई! मला मात्र चांगलं फावलं. मी कल्हईवाल्याचं भांडं काळ्याचं पांढरं होताना बघितलं, शेवेच्या कढईसमोर मनसोक्त उभी राहिले. एका कोपऱ्यात दोन शेतकरी भांडत होते. माल ठरला होता, भाव ठरला होता, आता पैसा हाली द्यायचा का कलदार यावर जुंपली होती. निजामाचा हाली सिक्का अजून चालायचा आणि नवा कलदारही चालायचा, त्यामुळे त्या दिवसांत प्रत्येक सौद्याला दोन भांडणं असत.

बांगड्या भरणाऱ्या मणेरणीनं माझा हात हातात घेतला. "ढीला छोड गे माँ, कड़क नक्को कर," म्हणत तिनं माझा पंजा असा दाबला की डोळ्यांत पाणी आलं. हिरव्या बांगड्या मनगटावर गेल्या. मायनं त्यांच्याकडं धड बघितलंही नाही. ती कान देऊन काहीतरी ऐकत होती. आता शेळीचा आवाज येत नव्हता.

आम्ही कापडवाल्याच्या पालाखाली लुगडी बघत बसलो होतो, तेव्हा बा आला. स्वारी खुशीत. दलालानं भाव ठरवताना रुमालाखाली कशी बोटं धरली, आपण कशी बोटं दाबली, समोरच्याच्या कपाळाला कशी आठी पडली, सगळं त्यानं हातवारे करून सांगितलं. मग पटक्याच्या घडीतून पांढऱ्या केसांची एक चिमूट काढली आणि मायपुढं धरली. मेंढरू विकलं की त्याच्या पाठीची चिमूटभर लोकर उपटून ठेवायची, म्हणजे कळपाची पत राहते, ही बाच्या घराण्याची रीत. शेळीलाही त्यानं तीच लावली.

मायनं केसांकडं बघितलंच नाही.

"दावं कुठं हाय?"

"कसलं दावं?"

"शेळीचं. शेळीच्या गळ्यातलं."

"गळ्यातच हाय की," बा म्हणाला. "शेळी दिली, दावं दिलं. घेणारी बाई का तिला हातात धरून न्हेईल?"

मायनं कपाळावर हात मारून घेतला. आमच्या भागात शेंबडं पोर सांगेल, जनावर विकायचं, दावं विकायचं नाही. घेणाऱ्यानं स्वतःचं दावं आणायचं. दावं गेलं की घरची लक्ष्मी त्याच्यामागं गेली. पण बाचा जन्म मेंढरांत गेलेला. मेंढरं कळपानं येतात, कळपानं जातात. त्यांच्या गळ्यात दावं कधी असतं? शंभर मेंढरं विकलेल्या माणसाला दाव्याचा सौदा करावाच लागला नव्हता.

"एकदा खुंटे मोकळे झाले ते दिसले न्हाई का तुमाला?" मायचा आवाज चढला. "पोरीचं लगीन तोंडावर, आन् घरातली बरकत दुसऱ्याच्या हातात देऊन आलाव! मेंढरातच ऱ्हावा तुमी, माणसात नगा येऊ!"

"आगं, कामून वरडायलीस? हे केस आणलेत की."

"केस घेऊन काय वाती वळू?"

कापडवाला दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. "मावशी," तो शेवटी म्हणाला, "लुगडं बघायलाव का भांडायलाव? तेवढं सांगा, म्हणजे घड्या घालतो."

बाला राग आला. चारचौघांत बायकोनं असं बोलावं? त्यानं मूठ उघडली आणि केस फुंकरीनं उडवून दिले. ते समोरून जाणाऱ्या एका गाढवाच्या पाठीवरच्या गोणीवर पडले आणि गोणीबरोबर गेले. मी एकटीनंच ते बघितलं. माय तोवर उठली होती.

दलालाला गाठलं तर तो म्हणाला, घेणारी माणसं चुडाव्याकडची आहेत, गाडी बाजाराच्या खालच्या अंगाला सोडली आहे, आता निघतीलच. मग काय, माय पुढं, मी मधे, बा मागं. ज्या बाजारात माय घटका घटका रेंगाळायची, तो तिनं कोपरं मारत पार केला. एका भांड्यांच्या दुकानासमोर तिचा पदर अडकला, तो तिनं ओढला तर फाटला, तरी थांबली नाही. थांबली ती फक्त दोऱ्या विकणाऱ्याजवळ. अंबाडीचं एक दावं उचललं, त्यानं सांगितला तो भाव हातावर ठेवला आणि पुढं निघाली. घासाघीस नाही, काही नाही! दोरीवाला बिचारा पैशांकडं बघत राहिला. खोटे आहेत की काय, असंच त्याला वाटलं असणार.

गाडी चिंचेखाली होती. बैल जुंपायचे बाकी होते. मायपेक्षा थोडी लहान अशी एक बाई कडेवर लेकरू घेऊन उभी होती आणि चाकाला आमची शेळी बांधली होती. आम्हाला बघून शेळीनं असा हंबरडा फोडला की बैलांनी माना वळवल्या.

मायनं धापा टाकत सगळं सांगितलं. मला वाटलं होतं आता इथं भांडण होणार. पण ती बाई हसली.

"घ्या की, माय. मला शेळी पायजे, दावं कशाला? माझं दूध आटलंय. हिच्यासाठी न्हेयलेय." तिनं कडेवरच्या पोरीच्या तोंडावरून हात फिरवला. पोर लयच रोड होती. "तुमची लक्ष्मी मी कशाला न्हेऊ?"

मायच्या तोंडावरचा ताण उतरला. तिनं चाकापासून आपलं दावं सोडलं, शेळीच्या गळ्यातून काढलं आणि मनगटाला गुंडाळलं. नवं दावं त्या बाईच्या हातात दिलं.

आणि तिथंच पंचाईत झाली. शेळी आता मोकळी होती. ती पळाली नाही. मायजवळ आली, डोकं तिच्या पोटाला लावलं आणि उभी राहिली. त्या बाईनं दावं गळ्यात घालायला हात पुढं केला तर शेळीनं शिंग उगारलं. तिचा नवरा आला, त्यालाही धडक बसली. गाडीवान हसायला लागला, बासुद्धा हसला. शेळी परत मायच्या मागं. तिच्या फाटक्या पदराचं टोक तोंडात धरून.

"तुमीच बांदा, माय," ती बाई शेवटी म्हणाली. "तुमच्या हाताची सवय हाय तिला."

बा म्हणाला, "आण, मी बांदतो." मायनं त्याला हातानंच थांबवलं. मग नवं दावं घेतलं, खाली बसली आणि शेळीच्या गळ्यात घातलं. शेळीनं मान वाकवून दिली. रोज संध्याकाळी द्यायची तशीच. मायनं गाठ मारली, दुसरं टोक चाकाला बांधलं, ओढून बघितलं. गाठ पक्की होती.

"कोवळा पाला द्या," एवढंच ती म्हणाली. "चिंचेचा नगा देऊ, पोट फुगतं."

परत येताना कापडवाल्यानं दाखवलेलं पहिलंच लुगडं मायनं घेतलं. त्याचा रंग बहिणीला कधी आवडला नाही आणि ते तिनं आम्हाला पुढं आयुष्यभर ऐकवलं. उन्हं कलती झाली तेव्हा आम्ही गावाच्या वाटेला लागलो. बा खुशीत येत होता. "मिळालं ना दावं? आता तर झालं ना मनासारखं?"

माय मनगटावरचं दावं चाचपत चालत होती.

"तुमी इकली, मी तिकडं फिरून बघितलं न्हाई," ती मग म्हणाली. "आन् ह्या दोरीपायी मला माज्याच हातानं इकाय लागली."

आम्ही तसेच चालत राहिलो. ओढा ओलांडल्यावर माय थांबली.

"त्ये केस कुठायत?"

"कसले?"

"तिचे. तुमी पटक्यात ठिवले व्हते ते."

"फेकले की. तूच म्हणलीस ना, वाती वळू का म्हणून."

माय रस्त्यातच खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. माझ्या मायला रडताना मी पहिल्यांदा बघत होते. रझाकारीत रानात लपलो तेव्हाही ती रडली नव्हती. बाजारातून परतणारी माणसं आमच्याकडं बघत बाजूनं जात होती. मला लाज वाटत होती, तरी मी मायला खेटून बसले.

बानं इकडंतिकडं बघितलं. मग भर वाटेवर डोक्यावरचा पटका सोडला. आमच्यातला बापई माणूस झोपेशिवाय पटका उतरवत नाही. तो वेढ्यावर वेढा उलगडत गेला, प्रत्येक घडी उन्हाकडं धरून बघत गेला. धूळ निघाली, कुसळं निघाली. शेवटी आतल्या घडीत घामानं चिकटलेला एक पांढरा केस सापडला. तो त्यानं दोन बोटांत धरून मायला दिला.

बाचं डोकं वयाच्या आधीच पिकलं होतं. केस शेळीचा होता का त्याचा स्वतःचा, देवाला ठाऊक. माय डोळे पुसून तो उन्हात बघत राहिली. बाच्या उघड्या डोक्याकडंही तिनं एकदा बघितलं. मग मनगटावरचं दावं सोडलं, पीळ उसकटला आणि केस आत घालून पुन्हा घट्ट वळला.