इस्माईलकाकांची खुंटी

"राउंडअबाउट आला काय? नाय? अरे, तो तर गेल्या साली तोडला. मग असा कर, जय तो व्हता, तय उजवीकडं वल!"

मस्कतच्या अल खौद भागातल्या आमच्या घराच्या दारात उभे राहून इस्माईलकाका फोनवर कुणाला तरी वाट सांगत होते. मी स्वयंपाकघरात हसू दाबत ऐकत होते. जो राउंडअबाउट आता नाहीच, त्याच्यावरून नवखा माणूस वळणार कसा, हे काकांच्या मनातही येत नसे. मस्कतमध्ये तेव्हा घराचा नंबर कुणी सांगत नसे. राउंडअबाउट, औषधाचं दुकान, मशीद, हाच पत्ता. आणि काकांच्या पत्त्यांत निम्म्या खुणा गेलेल्या असत, निम्म्या अजून यायच्या असत.

काका मूळचे रत्नागिरीकडचे. बाबांचं गावही तिथून फार लांब नाही, त्यामुळे दोघांची गट्टी. मस्कतमधल्याच गाला नावाच्या भागातल्या एका रस्ते बांधणाऱ्या कंपनीत काका सर्व्हेअरचे मदतनीस होते. साहेब दूर यंत्राला डोळा लावून बसायचा आणि काकांनी इकडे उन्हात उंच मोजपट्टी सरळ धरून उभं राहायचं. मग साहेबाने हात केला की त्या जागी खुंटी ठोकायची. वीसेक वर्षं हेच. त्यामुळे काका कुठेही उभे राहिले, अगदी किराणा दुकानाच्या रांगेतही, तरी ताठ आणि निश्चल असत. आई म्हणायची, "भाऊजी, बसा की जरा, कुणी मोजत नाही तुम्हाला."

"सवय, वहिनी. हाललो तर रस्ता वाकडा जाईल."

मी लहानपणापासून त्यांचं फक्त ऐकत आले. शाळेत आम्ही सगळे इंग्लिशमध्ये बोलायचो; मराठी वाक्य जुळवेपर्यंत घरातला विषय बदललेला असे. मग मी गप्पच बसायला शिकले. काकांना ते चालायचं. शुक्रवारी दुपारी जेवून गाडीत बसलो की ते पुढच्या सीटवरून मागे वळून मला सांगत, "हय बघ बाय, निस्ती वालू व्हती. त्या टाकीपाशी बकऱ्या. मी खुंटी मारली तवा बकऱ्यांचा मालक, म्हातारा अर्बाब आला, म्हणाला काय करतोस? म्हटलं, तुझ्या दारात हायवे आणतो. तो हसून हसून खाली बसला!" मग स्वतः हसत. युनिव्हर्सिटी, दुकानं, नवे बंगले, फ्लायओव्हर, सगळं त्यांच्या मते त्या खुंटीनंतर आलं. "आधी खुंटी, मग रस्ता, मग वस्ती," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला खिडकीबाहेर कधी बंगले दिसत, कधी बकऱ्या.

काका आता कायमचे गावी गेलेत. पण आठवड्याला फोन येतो आणि तब्येत विचारायच्या आधी प्रश्न येतो, "काय गो बाय, नवीन काय झाला तय?"

मी कॉलेज संपवलं तेव्हा मात्र काका इथेच होते, आणि त्याच सुमारास मस्कतमध्ये लाल बस धावायला लागल्या. मला शहराच्या अझैबा भागातल्या एका भाषांतराच्या ऑफिसात नोकरी मिळाली होती. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मला इतकं हवं होतं की रात्रभर झोप लागेना. पण बाबा पहाटेच गालाकडे कामाला निघत, मला गाडी चालवता येत नव्हती, आणि अनोळखी माणसांबरोबर शेअर टॅक्सीतून जायला आईचा ठाम नकार.

"रविवारी फोन करून नाही म्हणून कळव," बाबा म्हणाले. मी मान हलवली. हो म्हणूनही नाही आणि नाही म्हणूनही नाही.

तेवढ्यात काका घरात घुसले, चप्पल न काढताच. "बस येते गो! अल खौदवरनं! माझ्या रस्त्यावरनं!" आईने चपलांकडे बघितलं, पण काका हवेतच होते. शेवटी त्यांनी बाबांशी करार केला: शनिवारी ते मला बसने त्या ऑफिसच्या दारापर्यंत नेऊन दाखवतील. पोहोचलो तर नोकरी. नाही पोहोचलो तर खलास.

शनिवारी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. बाबाही गाडी घेऊन निघाले आणि समोरच्या औषधाच्या दुकानापाशी सावलीत थांबले. काका रस्त्याच्या कडेला एका जागी पाय जुळवून उभे राहिले.

"हयच थांबणार. बसच्या थांब्याची खुंटी मी माझ्या हातानं मारलीय हय."

तिथे ना बोर्ड होता, ना बाक. मला लांब, सिग्नलच्या पुढे, काहीतरी लाल दिसत होतं. पण वीस वर्षं रस्त्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला मी काय सांगणार? मी ओढणी नीट केली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिले.

बस आली. केवढी मोठी, चकचकीत! काकांनी मोजपट्टी धरल्यासारखा हात वर केला. "यल्ला, बाय, चल!" ड्रायव्हरने आमच्याकडे बघितलं, सिग्नलकडे हात दाखवला आणि बस सरळ पुढे गेली. त्या लाल बोर्डापाशी थांबली, दोन माणसं चढली, आणि निघाली.

काकांचा हात तसाच वर.

"नकाशा बदलला असंल," ते हळूच म्हणाले. "माका कोन सांगणार." त्यांचे खांदे पहिल्यांदाच वाकलेले मी पाहिले.

बाबांनी यू टर्न घेऊन गाडी आमच्यासमोर आणली, काच खाली केली. "काय इस्माईलभाई, तुमच्या खुंटीला बस ओळखत नाही वाटतं? चला, बसा. एसी चालू आहे."

"चूक माझी हाय, भाऊ. पोरीची नाय," म्हणत काकांनी मुकाट्याने दाराच्या हँडलला हात घातला.

हँडलच्या खटक्याने मला कळलं की दार एकदा लागलं की माझी नोकरीही आत बंद होणार. दूर गेलेल्या बसच्या मागच्या काचेत मला जणू अजून अझैब्यातलं ते ऑफिस दिसत होतं. मराठीत वाक्य जुळवायला या वेळी मी थांबलेच नाही. काकांचा हात हँडलवरून काढला, खिडकीशी वाकले आणि म्हणाले,

"बाबा, गाडी घेऊन तुम्ही घरी जा. काका आणि मी त्या बोर्डापर्यंत चालत जातो. पुढच्या बसने मी ऑफिसला पोहोचणार आहे."