कॉम्प्युटरला लावलेलं हळदकुंकू

तुम्ही मुलं दर दोन वर्षांनी नवा कॉम्प्युटर घेता, म्हणून आमच्या खामगावच्या घरातल्या पहिल्याची गोष्ट लिहून ठेवते. माझ्या भावाने परदेशात वापरून जुना केलेला तो लहानसा कॉम्प्युटर आमच्याकडे आला. पडदा म्हणून टीव्ही जोडावा लागे. तुमचे आजोबा गणिताचे शिक्षक. त्यांच्या प्रोग्रॅमला त्याची मेमरी पुरेना. वर्षभर पत्रं लिहिल्यावर भावाने जादा मेमरीचा, वेग वाढवणारा बोर्ड एका मित्राबरोबर पाठवला. दसऱ्याला सकाळी शेगाव स्टेशनवर तो गाडीच्या खिडकीतून मिळणार होता. आजोबा कॉम्प्युटरचं मागचं झाकण काढून ठेवून निघाले.

मी शिवणयंत्र, विळी, सायकल, पुस्तकं पूजली. कॉम्प्युटर राहिला. वर सगळी बटणंच. मागे मात्र बोर्ड बसवायची सोनेरी पट्ट्यांची ओळ उघडी होती. तिथे ओल्या बोटाने हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला.

मग निवांतपणे इंग्रजी माहितीपुस्तक उघडलं. आजोबांना ते मीच वाचून दाखवायची. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, या पट्ट्यांना बोट लावू नये; ओल लागल्यास यंत्र कायमचं निकामी होईल.

मी पुस्तक टाकून उठले. कोरड्या फडक्याने पुसलं, खोडरबराने घासलं. फटींतला पिवळा रंग निघेना.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "काऊन वं, सणाच्या दिवशी काय घासून राह्यली तू?"

"काही नाही, आई."

"मंग पुरण पाह्य. करपून राह्यलं."

आजोबा बोर्ड छातीशी धरून आले. जेवलेही नाहीत. बोर्ड बसवला आणि हात बटणाकडे नेला.

"थांबा!" मी ओरडले. सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "तूच तर मले ते पुस्तक वाचून दाखवते!"

"आपण थेट प्रोग्रॅमच्या पानांपासून सुरुवात केली होती. हे पान मी आज पूजेनंतर वाचलं."

ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी बोर्ड काढला, शिवणाच्या सुईने फटी कोरल्या आणि कॉम्प्युटर अंगणात उन्हात ठेवला. चार वाजेपर्यंत मी चिमण्या हाकलत तिथेच बसले. घरात पुरणपोळीचं ताट तसंच होतं.

मग कॉम्प्युटर आत आणून त्यांनी बोर्ड पुन्हा बसवला आणि बटण दाबलं. पडदा काळाच. मी डोळे मिटले.

"वाच," आजोबा म्हणाले.

पडद्यावर एक इंग्रजी ओळ होती. अक्षरं ओळखीची, पण अर्थ लागेना. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा कळलं, जुन्या यंत्राने नवी मेमरी मोजून दाखवली होती. मी आकडा मोठ्याने वाचला आणि पुरणपोळीचं ताट त्यांच्यापुढे आणून ठेवलं.