शुक्रवारपर्यंत

शनिवारी दुपारी लातूरहून नांदेडच्या दवाखान्यात पोचलो, तर कय्यूमभाईंच्या खाटेवर दुसराच पेशंट होता. आदल्या दिवशीच त्यांना हैदराबादला हलवलं होतं. त्यांच्या मुलीला, शबानाला, फोन लावला. "अब्बा सकाळी गेले, सर," ती म्हणाली. "शुक्रवारपर्यंत तुमची वाट बघून राहिले होते." महिना उलटला, तो 'पर्यंत' कानातून जात नाही...

भूकंपानंतर आम्ही लातुरातल्या एकाच मैदानावर दिवाळीपर्यंत झोपलो, तिथली आमची ओळख. पुढं मी इंग्रजीचा क्लास काढला. गल्लोगल्ली क्लास निघत होते आणि माझ्या नोट्सचं बाइंडिंग कय्यूमभाईंकडं असायचं. एकदा सगळ्या प्रतींना पुठ्ठे उलटे लागले. मी नको ते बोललो. दुसऱ्या दिवशी चाळिशीतला हा माणूस, बोटांना खळ तशीच, मागच्या बाकावर येऊन बसला. जे शिवतो ते वाचता तरी यावं, म्हणाले.

बाकी सगळं जमलं, 'बाय' आणि 'टिल' जमेना. "आपल्यात दोन्हीला पर्यंतच की, सर. पाचपर्यंत या, पाचपर्यंत थांबा." पोरं हसायची. मीही हसायचो. शेवटी त्यांनीच तोड काढली. "बाय म्हणलं की त्याच्या आत उरकून निघायचं, टिल म्हणलं की थांबायचं. बरोबर हाय की न्हाई?" मी हो म्हणालो, पण यांचं चुकणारच, हे मनात धरूनच बसलो.

नांदेडला दुकान नेल्यावरही ते मला इंग्रजीतच मेसेज करायचे. चुका काढा, म्हणायचे. त्या मंगळवारी आला : 'आय ॲम इन हॉस्पिटल टिल फ्रायडे. प्लीज कम.' मला वाटलं, पुन्हा तोच घोळ. शुक्रवारपर्यंत भरती होणार असतील, शनिवारी जाऊ. काय झालंय, एवढंही विचारलं नाही. उत्तर पाठवलं ते दुरुस्तीचं : 'नॉट टिल. बाय.'

वाक्य बरोबर होतं. ते शुक्रवारपर्यंत तिथंच होते.

शबानानं त्यांची वही मला दिली, त्यांनीच शिवलेली. एका पानावर 'वुई स्लेप्ट आउटसाइड टिल दिवाळी' असं आहे, शेजारी माझ्या लाल पेनाची बरोबरची खूण. वही टेबलावर असते. मोबाइल जुना झालाय, पोरं बदला म्हणतात, बदलवत नाही. माझ्या दुरुस्तीखाली त्यांचं उत्तर अजून आहे... 'ओके सर.'