एक पाय बुटात

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, आग विझवणाऱ्या गाडीवर आहेत. उंचीमुळे तिथे सगळे त्यांना शिडी म्हणतात. माणूस भला, पण धीर नावाची वस्तू त्यांना द्यायला देव साफ विसरला. आपण पहिला घास घेतो तोवर हे हात धुऊन मोकळे. ताई म्हणते, मी ह्यांच्याबरोबर संसार करतेय की शर्यत, तेच कळत नाही. पण त्यांना तरी काय बोलणार? घंटा झाली की मिनिटाच्या आत गाडी दाराबाहेर गेली पाहिजे, हेच त्यांचं काम. गाडीला लागून प्रत्येकाचे बूट मांडलेले असतात आणि जाड विजार त्या बुटांवरच गुंडाळून ठेवलेली असते. पाय आत घालायचे, विजार वर ओढायची, चढायचं. जो राहिला तो राहिला.

दरवर्षी त्यांची धावण्याची परीक्षा होते. नापास झालेल्याला गाडीवरून उतरवून आतल्या खोलीत फोनवर बसवतात. गेल्या वर्षी उजव्या गुडघ्याने दगा दिला आणि भाऊजी कसेबसे पास झाले. यंदा ते जिनासुद्धा कठडा धरून चढायला लागले. डॉक्टरीणबाईंनी विश्रांती सांगितली. विश्रांती म्हणजे परीक्षा बुडाली.

"फोनवर बसवलं तर मी मेलो असं समज," ते ताईला म्हणाले. ते नाटक नव्हतं. 

अशात त्यांना कुणीतरी मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. जाड गादीच्या बुटांनी आपले पाय बिघडवलेत, अनवाणी धावल्यासारखं धावा, टाच आधी टेकवू नका, गुडघ्याचा त्रास जाईल. झालं. त्याच संध्याकाळी मला बरोबर घेऊन दुकानात. बूट कसले, कागदासारखा तळ, घडी करून खिशात मावतील एवढे हलके आणि प्रत्येक बोटाला वेगळा कप्पा. ताईने विचारलं, हातमोजे चुकून पायात घातलेत का? दुकानातल्या मुलीने परोपरीने सांगितलं की आधी घरात घालून फिरा, मग थोडं थोडं धावा, पायांना सवय व्हायला महिने लागतात. मी तिचं ऐकत होते आणि भाऊजी दाराकडे बघत होते. परीक्षा पुढच्याच महिन्यात होती. शिवाय ज्याने उभ्या आयुष्यात एक गोष्ट हळू केली नाही, त्याला हळू सांगून काय उपयोग?

दुसऱ्याच सकाळी पूर्ण अंतर धावून आले. पोटऱ्या अशा धरल्या की जिना उलटा उतरावा लागला. पण गुडघा दुखत नव्हता! लहान मुलासारखे घरभर सांगत सुटले. मग रोजच धावायला लागले. काही दिवसांनी उजवं पाऊल वरून, बोटांच्या मागे, दुखायला लागलं. नंतर सुजलं. दवाखान्याचं नाव काढलं की विषय बदलायचे आणि बर्फाच्या बादलीत पाय सोडून बसायचे. शेवटी ताईने ते बूट लपवले. भाऊजींनी कपाटं उपसून ते शोधून काढले आणि ते हातात धरून तिच्यासमोर रडले. तिने ते पुन्हा लपवले नाहीत. मला मात्र त्यांचा भयंकर राग आला, आणि दयाही आली.

परीक्षेच्या दिवशी दुपारी फोन आला. पास! आम्ही दोघी गोडाचा डबा घेऊन त्यांच्या अग्निशमन ठाण्यावर गेलो. भाऊजी खुर्चीत बसले होते, पातळ बूट बाजूला काढलेले, आणि त्यांचा जोडीदार, ज्याला सगळे पैलवान म्हणतात, त्यांची पाठ थोपटत होता. धुरात कुणी एकट्याने शिरायचं नाही, असा त्यांचा नियम. वर्षानुवर्षं हे दोघे एकत्रच शिरत आले.

ताई डबा उघडत होती तोच घंटा झाली.

डावा पाय बुटात गेला. उजवा जाईना. भाऊजींनी सगळा जोर लावला, खाली बसून दोन्ही हातांनी बूट ओढला, ओठ पांढरे पडले. सुजलेलं पाऊल काही केल्या आत जाईना. गाडीच्या दारातून पैलवानाने एकदा हाक मारली आणि गाडी निघून गेली. भाऊजी एक पाय बुटात, विजार अर्धी वर, तसेच उठून उभे राहिले.

"तो आत कुणाबरोबर जाईल?" त्यांनी विचारलं. 

गाडी परत येईपर्यंत ते खुर्चीत बसले नाहीत. पैलवानाच्या हाताला पट्टी होती. ठाण्याचे साहेब स्वतः त्याच्याबरोबर आत गेले होते, पण सवय नसलेली जोडी, दारात गोंधळ झाला आणि हात भाजला. विशेष काही नाही, तुझा पाय दाखव, असं पैलवान म्हणाला. भाऊजींनी डावा पाय बाहेर काढला, वाकून विजारीसकट गाडीवरचे आपले बूट उचलले आणि साहेबांसमोर धरले.

"मला फोनवर बसवा."

साहेब म्हणाले, अरे, आज सकाळीच तर तू पास झालास.

"आणि उद्या घंटा झाली तर?"

 साहेबांनी बूट घेतले.

पावलाचं हाड चिरलं होतं. ते जुळलं, पण धावण्याजोगं झालं नाही. भाऊजी आता आतल्या खोलीत असतात. फोन आला की पत्ता लिहून घेतात, घंटा वाजवतात आणि गाडी बाहेर पडेपर्यंत टेबल घट्ट धरून बसतात.